धाकट्या खडकांची टिकली

सरकारी माणूस बोलायला उभा राहिला. त्याने आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आपलं ऑफिस राजधानीत कुठल्या रस्त्यावर आहे तेही सांगितलं. आमच्यात जिथून ओळख सुरू होते ते आईचं कूळ मात्र सांगितलं नाही, बापाचं तर नाहीच. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या हॉस्टीन लपाहींनी मान मागे वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "का रे बाबांनो, याला आई नव्हती का? ऑफिसातच जन्मला की काय?"

वाकडा झरा चॅप्टरच्या, म्हणजे आमच्या नवाहो पंचायतीच्या, सभागृहात हशा पिकला. तो सरकारी माणूस, हॅल्वर्सन त्याचं नाव, तोही हसला. त्याला काही कळलं नव्हतं, पण लोक हसताहेत म्हणजे सभा चांगली चालली आहे असं त्याला वाटलं असणार. त्याने शेजारी उभ्या असलेल्या रोवीनाकडे बघितलं. "आजोबा तुमचं स्वागत करताहेत," रोवीना इंग्रजीत म्हणाली.

रोवीना बिट्सिली त्या दिवशी दुभाषी होती. एरवी ती अँब्युलन्सवर असायची. वीसेक वर्षं तिने या माळावरचे मोडलेले पाय बांधले होते आणि आडवाटेला अडलेल्या बायका सोडवल्या होत्या. नवाहो आणि इंग्रजी दोन्ही भाषा तिच्या जिभेवर सारख्याच सुरळीत चालत, म्हणून चॅप्टरने हे काम तिच्या गळ्यात घातलं होतं.

काम असं होतं. पोलीस, आगीचे बंबवाले आणि अँब्युलन्सवाले यांच्यासाठी सरकार देशभर एक वेगळं जाळं उभारणार होतं. संकटाच्या वेळी त्यावर फक्त यांचंच बोलणं चालणार होतं, चित्रं जाणार होती, डॉक्टर लांबून जखम बघू शकणार होता. टॉवर कुठे हवेत हे आधी लोकांना विचारायचं, असा वरून हुकूम होता. भिंतीवर आमच्या मुलखाचा मोठा नकाशा लावला होता आणि हॅल्वर्सनच्या हातात लाल टिकल्यांचं पाकीट होतं. लोक सांगतील तिथे टिकली लावायची, आणि टिकली लागली तिथे टॉवरचा विचार व्हायचा.

रोवीनाला एकच टिकली हवी होती, धाकट्या खडकांच्या खोऱ्यात. खिंड ओलांडून पलीकडे उतरलं की अँब्युलन्सचा वायरलेस मुका व्हायचा, हे तिला वीस वर्षं ठाऊक होतं. त्या खोऱ्यात तिची आई एकटी राहत होती. नवरा गेल्यावरही ग्लेनिबाह तिथून हलली नव्हती. "माझ्या घरी चल," असं रोवीना दर हिवाळ्यात म्हणायची, आणि आई दर हिवाळ्यात विचारायची, "चल म्हणतेस खरी, पण मेंढ्या कुठे झोपतील? तुझ्या सोफ्यावर?"

ती आई आता दुसऱ्या रांगेत बसली होती. जांभळा मखमली झगा, गळ्यात पिरोजाची माळ, मांडीवर घोंगडीची घडी. लेक भाषण करणार म्हणून खास आली होती.

हॅल्वर्सन वाईट माणूस नव्हता. तयारी करून आला होता, आणि तयारीनेच घात केला. त्याने सगळ्यांकडे बघून खालच्या आवाजात सुरुवात केली. "डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या घराला आग लागली आहे. तुमची आई आत बेशुद्ध पडली आहे. तुम्ही फोन उचलता, आणि फोन लागत नाही. तुमच्या गावात अशी माणसं कुठे कुठे मरतील? ते मला सांगा."

मग तो थांबला, रोवीनाने सांगावं म्हणून.

आमच्यात असं कुणी बोलत नाही. जे घडू नये ते तोंडातून काढलं की ते वाट शोधत दाराशी येतं, हे लहानपणी आईच्या कुशीतच कळतं, कुणी शिकवावं लागत नाही. डॉक्टरसुद्धा इथे नवीन आला की वर्षभरात शिकतो, की रोग्याला 'तुम्ही मराल' असं तोंडावर सांगायचं नाही. आणि हा शहाणा भरसभेत म्हाताऱ्या आयांना आगीत घालत होता. रोवीनाला त्याचा राग आला. शिवाय तिची स्वतःची आई समोर बसून कौतुकाने तिच्याकडे बघत होती.

ती आपल्या भाषेत म्हणाली, "पाहुणे विचारताहेत, बोलणं कुठे कुठे पोचलं तर बरं होईल?"

लोकांना हायसं वाटलं. एकेक जण उठून बोलू लागला. शाळेत पोचलं तर बरं, पोरं असतात. दवाखान्यात तर हवंच. हमरस्त्याच्या चौकात हवं, तिथे बस थांबते. जत्रेच्या मैदानावर हवं. टिकल्या भराभर लागत गेल्या आणि हॅल्वर्सन खुश झाला. त्याच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. कुणीही आपल्या घराचं नाव घेत नव्हतं. चारचौघांत आपल्यापुरतं मागणं म्हणजे ताटातलं मांस आधी आपल्याकडे ओढणं. तेही आमच्यात करत नाहीत.

नकाशाचा मागचा भाग, खिंडीच्या पलीकडचा, कोराच राहिला. शेवटी न राहवून रोवीना म्हणाली, "आई, आपल्या खोऱ्यात? धाकट्या खडकांकडे?"

ग्लेनिबाह लाजली. सगळे तिच्याकडे बघत होते. "आमच्याकडे काय गं," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळं छान आहे. विहिरीला पाणी आहे, गवत आहे, लेक येते. तिथे काही होत नाही. आमचं नको घालू, लोकांचं घाल."

"आणि एडक्याशी बोलायला टॉवर लागत नाही," हॉस्टीन लपाही म्हणाले. "ती इथून हाक मारते ती तिथे ऐकू जाते. तिच्या नवऱ्याला विचारायला हवं होतं."

पुन्हा हशा झाला. ग्लेनिबाहने घोंगडीची घडी उचलून त्यांच्या खांद्यावर मारली. "तुझी बायको हाक मारत नाही, कारण तू यावंस असं तिला वाटतच नाही," ती म्हणाली, आणि सभागृह दणाणलं.

"काय म्हणाल्या त्या?" हॅल्वर्सनने विचारलं. टिकली त्याच्या बोटाच्या टोकाला चिकटलेली होती आणि बोट कोऱ्या भागापाशी थांबलं होतं.

आता रोवीनाने इंग्रजीत काहीही सांगितलं असतं तरी आईला कळणार नव्हतं. माझी आई तिथे एकटी असते, ती पडली तर कुणाला पत्ता लागणार नाही, एवढंच सांगायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही. पण आईच्या समोर उभं राहून, आईबद्दल, 'ती पडली तर'? ऐकणाऱ्याला कळलं नाही म्हणून बोललेलं न बोललेलं होत नाही. रोवीना कॉलेजात शिकलेली होती, सुया टोचत होती, यंत्रं वापरत होती. तरी तिला ते वाक्य बोलता आलं नाही.

"त्या म्हणतात, तिकडे सगळं छान आहे," ती म्हणाली.

"वा," हॅल्वर्सन म्हणाला, आणि ती टिकली त्याने जत्रेच्या मैदानावर दुसऱ्यांदा लावली.

सभेनंतर मटणाचा रस्सा आणि तळलेली भाकर होती. ग्लेनिबाहने स्वतःच्या हाताने हॅल्वर्सनच्या ताटात बरगडीचा मोठा तुकडा वाढला. तो खाऊन, हात पुसून नकाशा गुंडाळायला लागला तेव्हा रोवीना त्याच्याजवळ गेली. एक बोट ठेवलं की काम होणार होतं. पण खिडकीबाहेर पिकअपमध्ये आई बसली होती, काचेतून तिच्याकडेच बघत होती आणि घरी चल म्हणून हात हलवत होती. रोवीनाने हॅल्वर्सनला नकाशाला रबर लावून दिलं आणि निघाली.

वाटेत आई म्हणाली, "तो एवढं लांबलचक बोलला आणि तू एवढंसं सांगितलंस. काय म्हणत होता?"

"टॉवरचंच गं. दुसरं काय?"

ग्लेनिबाहने लेकीकडे नीट बघितलं. इतकी वर्षं मेंढरं राखलेल्या बाईला न बोललेलंही कळतं. "बरं केलंस," ती म्हणाली.

टॉवर उभे राहिले. खोटं कशाला बोलायचं, चांगले उभे राहिले. चौकात बस उलटली त्या वर्षी अँब्युलन्सवाल्यांच्या हातातल्या नव्या यंत्रावर डॉक्टरने लांबून बघून सांगितलं आणि एका पोराचा हात वाचला. शाळेत गॅस गळला तेव्हा बंब वेळेत आला. लोक रोवीनाला म्हणायचे, तुझ्यामुळे झालं. ती हसून दुसरा विषय काढायची. खिंडीच्या पलीकडे यंत्र पूर्वीसारखंच मुकं होतं. दर खेपेला आईकडे जाताना खिंडीत ती यंत्राकडे बघायची आणि मग मुद्दाम बाहेर बघायची. अजूनही ऑफिसला कळवता येईल, पुढच्या महिन्यात कळवू, असं करत करत ते राहून गेलं. कळवायचं तर कारण लिहावं लागणार होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

वसंतातल्या वाऱ्याचे दिवस होते. माळावरची अर्धी वाळू हवेत होती. दुपारी रोवीनाच्या यंत्रावर निरोप आला. धाकटे खडक, मेंढ्यांचा वाडा, वयस्कर बाई, एडक्याने धडक दिली आहे. निरोप देणारी देझबाह होती, रोवीनाची मावशी. आमच्यात मावशीला धाकटी आईच म्हणतात. देझबाह शेजारच्या खोऱ्यात राहायची. बहिणीला भेटायला आली तर बहीण वाड्याच्या दाराशी पडलेली. किती वेळ पडली होती कोण जाणे. फोन लागेना, म्हणून बहिणीला तिथेच घोंगडीत गुंडाळून ठेवून देझबाह पिकअप घेऊन खिंडीपर्यंत गेली होती आणि तिथून बोलली होती.

गाडी रोवीनाचा मामेभाऊ लेलँड चालवत होता. एरवी तो तिची थट्टा केल्याशिवाय एक मैल जायचा नाही. त्या दिवशी तो फक्त रस्ता बघत होता. खिंड ओलांडली आणि रोवीनाच्या हातातल्या यंत्राने मान टाकली.

ग्लेनिबाह शुद्धीवर होती. चेहरा राखेसारखा झाला होता. रोवीनाने पोटाला हात लावला, कमरेला हात लावला, आणि तिला कळून चुकलं. कमरेचं हाड फुटलं होतं, आत रक्त साचत होतं. त्या दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडीत घालून नेलं तर आई हमरस्त्यापर्यंत टिकणार नव्हती. हेलिकॉप्टरच हवं होतं.

"खिंडीत जा," ती लेलँडला म्हणाली. "बोलाव त्यांना. मी इथे थांबते."

लेलँड गेला. त्याने बोलावलं, हेलिकॉप्टर निघालं, आलंही. वाळूच्या पडद्यामागे त्याचा आवाज रोवीनाने ऐकला. पण एवढ्या वाऱ्यात उतरायचं तर जमिनीवरच्या माणसाने वैमानिकाशी बोलावं लागतं: इकडे तार आहे, तिकडे वाडा आहे, इथे सपाट आहे. सपाट जागा रोवीनाला दिसत होती, तिच्या जिभेच्या टोकावर होती, आणि यंत्र मुकं होतं. लेलँड खिंडीतून बोलू शकत होता, पण त्याला खालचं काही दिसत नव्हतं. तिने अंगातलं पिवळं जाकीट काढून जोरजोराने हलवलं. आवाज दोनदा डोक्यावरून फिरला, मग खिंडीकडे गेला आणि तिकडेच उतरला. आता लेलँडने परत खाली यायचं, आईला गाडीत घालायचं आणि त्याच वाटेने वर न्यायचं, एवढाच मार्ग उरला होता.

रोवीना आईजवळ बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. देझबाह एडक्याला बांधून परत आली होती. ती पाठ करून उभी राहिली, वारा अडवायला.

"तुझी ती पेटी बोलत नाही का गं?" ग्लेनिबाहने विचारलं.

"नाही, आई."

"असू दे. तुला माणसांत फार बोलावं लागतं. जरा विसावा मिळाला."

रोवीनाला रडू फुटत होतं आणि रडायचं नव्हतं. आईसमोर तर नाहीच. तिने आईच्या केसांतली वाळू झाडली. माझ्यामुळे, आई, माझ्यामुळे, असं तिच्या आत कुणीतरी ओरडत होतं. तेसुद्धा बोलायची सोय नव्हती.

"मेंढ्यांना पाणी दाखवलंत का?" आईने विचारलं.

"दाखवलं," देझबाह पाठमोरीच म्हणाली.

"मग मी जरा पडते. उठले की कॉफी ठेवू. लेलँड येतोय ना, त्याला जास्त साखर लागते."

"हो," रोवीना म्हणाली. "उठलीस की ठेवू."

लेलँडची गाडी उतारावर दिसली तेव्हा ग्लेनिबाह गेलेली होती.

आमच्यात घरात कुणी गेलं तर ते घर टाकून देतात; ती उघड्यावर गेली, म्हणून तिचं होगन, लाकूडमातीचं गोल घर, टाकून द्यायचं कारण पडलं नाही. पण राहायला कोण होतं? मेंढ्या देझबाहने आपल्या खोऱ्यात नेल्या. चार दिवसांचं सुतक पाळून झालं आणि त्यानंतर, गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून, तिचं नाव कुणी घेतलं नाही. रोवीनानेही घेतलं नाही. तिला कुणी काही विचारलं नाही, दोष तर दिलाच नाही. दोष दिला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. ती कामावर जात राहिली, आणि खिंडीकडचा निरोप आला की लेलँड आपणहून तो दुसऱ्या गाडीला द्यायचा.

काही वर्षांनी सरकारने जाळं वाढवायचं ठरवलं आणि हॅल्वर्सन पुन्हा आला. केस पांढरे झाले होते, टिकल्या लालच होत्या. रोवीनाने दुभाषी व्हायला नको म्हटलं होतं, पण हॉस्टीन लपाही स्वतः तिच्या घरी येऊन बसले होते. "पोरी, दुसरं कुणी उभं राहिलं तर तो आपल्याला पुन्हा आगीत घालेल," ते म्हणाले. म्हणजे त्यांना थोडीफार इंग्रजी कळत होती, आणि त्या दिवशी तिने काय गिळलं होतं तेही कळलं होतं.

हॅल्वर्सनने तसंच डोळे मिटायला सांगितलं आणि तशीच आग लावली. मग तो थांबला.

रोवीना बोलेना. ती खालमानेने उभी होती, आणि त्या शांततेत तिला आजीची आठवण झाली. वाईट गोष्ट पोरांच्या कानावर घालायची असली की आजी ती कधी घरातल्यांची म्हणून सांगायची नाही. कुठल्या तरी दूरच्या मुलखातल्या, कुणा परक्या माणसांची म्हणून सांगायची. त्यात कुणाच्या दाराशी काही येत नाही आणि ज्याला घ्यायचं तो नेमकं घेतो. ही रीत काही हरवली नव्हती. पहिल्या सभेत रोवीनाच्या एका कानात इंग्रजी होती, म्हणून तिला दोनच वाटा दिसल्या होत्या, सांगणं आणि न सांगणं. हे आता सुचलं याची तिला एवढी चीड आली की क्षणभर समोरचं दिसेना.

"एक बाई होती," ती आपल्या भाषेत म्हणाली. "इथली नव्हे. फार लांबच्या मुलखातली. तिच्या खोऱ्यात बोलणं पोचत नव्हतं."

तिने सगळं सांगितलं. एडका, वारा, डोक्यावरून गेलेला आवाज, कॉफी. त्या बाईला एक लेक होती म्हणाली, आणि लेकीला सभेत विचारलं होतं तेव्हा ती सगळं छान आहे म्हणाली. कुणीही वर बघितलं नाही. देझबाहने शालीचं टोक तोंडाशी धरलं होतं. रोवीनाने मग तेच सगळं हॅल्वर्सनला इंग्रजीत सांगितलं.

हॉस्टीन लपाही काठी टेकत उठले. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. "लांबच्या मुलखात एक म्हातारा होता," ते म्हणाले. "त्याची नात दम्याने..." आणि बसले. मग मागून एक बाई उठली, मग दुसरा एक माणूस. प्रत्येकाचा मुलूख लांबचा होता आणि प्रत्येक जण सांगून झाल्यावर नकाशापाशी जाऊन त्या मुलखावर बोट ठेवत होता. खिंडीच्या पलीकडचा कोरा भाग लाल होत गेला.

शेवटी हॅल्वर्सन रोवीनाकडे वळला. त्याचे डोळे ओले होते. माणूस खरंच वाईट नव्हता. "ती पहिली बाई," त्याने विचारलं. "तिचं खोरं कुठलं?"

रोवीनाने धाकट्या खडकांवर बोट ठेवलं. त्याने टिकली काढली आणि बोटावर घेतली. मग या खेपेच्या नव्या नियमाप्रमाणे विचारलं, "तिथे माणसं किती राहतात?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "आता तिथे कुणी राहत नाही."

तो अवघडला. टिकली बोटावर धरून तो नकाशाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मग तिथे लावता येत नाही. मला माफ करा. जिथे माणसं आहेत तिथेच लावायची आहे."

"काय म्हणाला गं?" मागून देझबाहने विचारलं. सगळे रोवीनाकडे बघत होते.

सांगणं तिचं काम होतं. ती लोकांकडे वळली आणि तो जे म्हणाला ते तिने आपल्या भाषेत सांगितलं, जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता.